डाइंगच्या पाण्यातला रंग, टायटानिया आणि सोलापूरचं ऊन : कामाच्या नोंदी (जानेवारी ते एप्रिल 2025)

टॉवेल-चादरीच्या डाइंगमधून निघणाऱ्या पाण्यातला रंग टायटॅनियम डायऑक्साइड (टायटानिया) आणि उन्हाच्या जोरावर किती उतरतो, हे 10 लिटरच्या मापात तपासण्याचं हे काम. मफल फर्नेस, यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर, 4000 आरपीएमचा सेंट्रिफ्यूज आणि सीओडी (पाण्यातला मळ जाळायला किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप) काढायचा डायजेस्टर कॉलेजचे होते, बाकी सगळं विकत आणलं. हेच करून पाहणाऱ्यांचे निदान पंधरा दिवस वाचावेत म्हणून चुकांची नोंद जास्त सविस्तर ठेवली आहे.

20 जानेवारी

पहिली चाचणी मिथिलीन ब्लूवर. सगळे तिथूनच सुरुवात करतात, म्हणून आपणही. 10 मिलिग्रॅम/लिटर द्रावण, 250 मिलीचा बीकर, त्यात रंगाच्या दुकानातून आणलेली पांढरी टायटॅनियम पावडर लिटरला 1 ग्रॅम. दोन तास उन्हात ठेवल्यावर रंग 31 टक्के उतरला. आनंद व्हायच्या आत पावडर न घातलेला शेजारचा बीकर मोजला. त्यातही 22 टक्के उतरला होता.

म्हणजे पावडरीचं खरं काम जेमतेम 9 टक्के. मिथिलीन ब्लू स्वतः दृश्य प्रकाश पितो आणि उन्हात आपोआप फिका पडतो. शिवाय तो तुटलेला नसतानाही नुसत्या क्षपणाने बिनरंगी होऊ शकतो, आणि मग हवा लागली की निळा रंग परत येतो. काचेला चिकटतो ते वेगळंच. इथल्या डाइंगमध्ये त्याचं काही कामही नाही. सोडला.

यापुढे रिॲक्टिव्ह ब्लॅक 5 वापरायचा. काळ्या आणि नेव्ही टॉवेलात हाच जातो, 597 नॅनोमीटरला मोजता येतो आणि नुसत्या उन्हात दोन तासांत 3 टक्क्यांवर हलत नाही. बाजारातली डाय पावडर शुद्ध नसते, तिच्यात मीठ मिसळलेलं असतं. त्यामुळे इथे लिहिलेलं 20 मिलिग्रॅम/लिटर हे पावडरीचं वजन आहे. त्याचा ॲब्सॉर्बन्स (द्रावण किती प्रकाश शोषतं त्याचं माप) 0.46 येतो.

डाय पाण्यात नुसती विरघळवून चालत नाही. बाथमधून (कापड रंगवायच्या द्रावणातून) बाहेर पडते ती कापडाला न धरलेली, पाण्याशी अभिक्रिया होऊन बसलेली डाय. म्हणून 1 ग्रॅम/लिटरच्या स्टॉकमध्ये (मूळ दाट द्रावणात) सोडा ॲश घालून तो 80 अंशांवर दीड तास ठेवला, थंड केला आणि पीएच 6 वर आणला. पुढच्या सगळ्या चाचण्या या स्टॉकवरच्या.

23 जानेवारी

रंगाच्या दुकानातली पावडर का चालली नाही, याचं उत्तर ती ज्या कामासाठी बनते त्यातच आहे. भिंतीचा रंग उन्हात पिठासारखा सुटू नये म्हणून रंगाच्या टायटॅनियमचे कण मुद्दाम ॲल्युमिना-सिलिकात गुंडाळलेले असतात, आणि जात रुटाइल (टायटानियाच्या स्फटिकाच्या ॲनाटेज आणि रुटाइल या दोन जातींपैकी एक). आपल्याला हवं त्याच्या नेमकं उलटं.

मग दोन पावडरी मागवल्या. पी-25 नावाने मिळणारी नॅनो पावडर (साधारण 80 टक्के ॲनाटेज, उरलेली रुटाइल, कण 21 नॅनोमीटरच्या आसपास), 100 ग्रॅम, कुरियरसह 4,200 रुपये. आणि गुंडाळणी नसलेली साधी ॲनाटेज ग्रेड, किलोला 260 रुपये. भावातली तफावत डोळ्यांत भरते, म्हणून दोन्ही तपासणार.

पी-25 धुरासारखी उडते. पंखा बंद, एन-95 मास्क, आणि तराजूखाली ओलं फडकं. सांडली तर झाडायची नाही, पुसायची.

28 जानेवारी

दिव्यात पाच दिवस गेले. ढगाळ हवा आणि संध्याकाळ धरून एकसारखा प्रकाश हवा म्हणून ऑनलाइन 20 वॉटचा ‘यूव्ही’ एलईडी फ्लड घेतला, 950 रुपये. जांभळा प्रकाश झकास पडतो, पांढरा शर्ट चमकतो, पण दोन तासांत रंग फक्त 9 टक्के उतरला. आधी पीएचवर संशय घेतला, मग पावडरीवर, मग ढवळण्यावर. तीन दिवसांनी दिव्याचा डबा नीट वाचला. 395 नॅनोमीटर. ॲनाटेजला 388 च्या खालचा प्रकाश लागतो, त्यावरचा त्याच्या दृष्टीने अंधारच. ते 9 टक्के बहुधा पी-25 मधल्या रुटाइलने केले असावेत, कारण ते 413 पर्यंत चालतं.

उपाय स्वस्त निघाला. हॉटेलात आणि मिठाईच्या दुकानात माश्या पकडायचं जे निळं यंत्र लावतात, त्यातली 15 वॉटची दीड फुटी ‘बीएल’ नळी. तिचा जोर 365 च्या आसपास असतो. दोन नळ्या, चोक, होल्डर मिळून 1,400 रुपये. बीकरपासून 8 सेंमीवर यूव्ही मीटरने 1.6 मिलिवॉट/चौ.सेंमी दाखवलं. त्याच द्रावणात दोन तासांत 86 टक्के.

आरओ फिल्टरमधली यूव्ही नळी वापरायचा मोह टाळावा. ती 254 ची असते. बीकरची काच ते किरण अडवते, आणि काच काढली तर ते टायटानियाविनाच डाय तोडायला लागतात, मग मोजायचं काय? डोळे जातील हा धोका वर.

1 फेब्रुवारी

नवीन घोळ. दिवा लावण्याआधी पावडर घालून अर्धा तास अंधारात ढवळायचं असतं, म्हणजे पावडरीवर नुसतीच चिकटणारी डाय वेगळी धरता येते. पीएच 4 ला अंधारातच 41 टक्के रंग गायब! हे फारच वाटलं. पावडर न घातलेलं द्रावण त्याच सिरिंज फिल्टरमधून गाळून पाहिलं, आणि फिल्टरची चकती सुरेख निळी झाली.

फिल्टर नायलॉनचे होते. आम्लात सल्फोनेट असलेल्या डायने नायलॉन रंगतं, डाइंगवाल्या कुठल्याही कारागिराने हे विचारताक्षणी सांगितलं असतं. 100 फिल्टरांचं पाकीट, 1,500 रुपये, पाण्यात. सेल्युलोज ॲसिटेटचे 0.22 मायक्रॉनचे आणले (1,900 रुपये). पहिले 2 मिली फेकून पुढचं घ्यायचं. आता अंधारातला आकडा 18 टक्के आला.

पी-25 आम्लात इतकी बारीक पसरते की 4000 आरपीएमला वीस मिनिटं फिरवूनही वरचं पाणी दुधाळ राहतं. नमुन्याचा पीएच 6.5 च्या आसपास आणला की कणांवरचा विद्युतभार जवळजवळ शून्य होतो, ते एकमेकांना धरतात आणि आपोआप खाली बसतात. मात्र असं केलं की पावडरीवर चिकटलेली डायही बरीचशी पाण्यात परत येते. ते वाईट नाही. चिकटलं किती आणि तुटलं किती, हे त्यातूनच कळतं. तेव्हापासून प्रत्येक नमुन्याची दोन रीडिंग घेतो, एक आहे त्या पीएचला, एक 6.5 ला. खाली दिलेले आकडे 6.5 चे, म्हणजे खरोखर तुटलेल्या रंगाचे.

6 फेब्रुवारी

पावडरीचं प्रमाण, दोन तास, 6 सेंमी खोल द्रावण, पीएच 5.5: लिटरला 0.25 ग्रॅम घातली तर 58 टक्के, अर्ध्या ग्रॅमला 74, एक ग्रॅमला 88, दोन ग्रॅमला 85. एक ग्रॅमच्या पुढे पावडरच पावडरीवर सावली धरते. 260 रुपये किलोवाली ॲनाटेज एका ग्रॅमला 47 वर थांबली, दोन ग्रॅमला 55. भावाच्या मानाने ती मुळीच वाईट नाही. पण तिचे कण मोठे, काचेवर थर नीट बसत नाही, म्हणून पुढे पी-25.

11 फेब्रुवारी

पावडर पाण्यात घालून चालवायची म्हणजे ती परत मिळवावी लागते. 5 लिटरच्या बादलीत पीएच 6.5–7 करून रात्रभर बसवली, वरचं पाणी नळीने काढलं, गाळ पुन्हा वापरला. दर फेरीला दहा-बारा टक्के पावडर जाते, आणि जाते ती पाण्याबरोबरच. पाणी स्वच्छ करताना त्यात नॅनो कण सोडायचे, हे पटणारं नाही. थर काचेवर बसवायचा ठरलं.

14 ते 24 फेब्रुवारी

जुन्या खिडकीच्या काचेचे तुकडे घेऊन आधी चार चाचण्या केल्या.

गुळगुळीत काच: थर सुकताच तडे गेले, चिकटपट्टी लावून ओढली तर निम्मा थर पट्टीवर.

पांढऱ्या सिमेंटमध्ये टायटानिया कालवून लावलेला थर: पकड उत्तम, पण सिमेंट पाण्याचा पीएच दोन तासांत 10.5 वर नेतं. त्या पीएचला टायटानियावर ऋण भार, डायवरही ऋण भार. दोघं एकमेकांना उभं करत नाहीत. 12 टक्के.

कौलाचा तुकडा: 70 टक्के रंग उतरला, पण अंधारातही 64 टक्के उतरला होता. कौल डाय पिऊन घेतं, एवढंच.

सँडब्लास्ट केलेली खरखरीत काच: थर टिकला, पण कामात मंद. नळीखाली तीन तासांत 34 टक्के. साध्या काचेत सोडियम असतो, 450 अंशांवर तो वर टायटानियात सरकतो आणि त्याची धार मारतो. मधे सिलिकाचा थर दिला तर तीच काच 57 टक्क्यांवर गेली. बोरोसिलिकेट काच घेतली असती तर ही पायरी वाचली असती, पण तिच्या भावात सगळा प्रकल्प बसतो.

शेवटी ठरलेली कृती अशी. 4 मिमी काच, 14 × 28 सेंमी (फर्नेसच्या आत मावते तेवढी), एक बाजू सँडब्लास्ट, नगाला 120 रुपये. टफन्ड काच घेऊ नये, भट्टीत तिचं टफनिंग जातं. साबण, मग पातळ नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर, मग डिस्टिल्ड पाणी, आणि त्यानंतर बोट लावायचं नाही.

सिलिकासाठी 10 मिली टीईओएस (सिलिका देणारं द्रव रसायन), 40 मिली इथेनॉल, 5 मिली पाणी, नायट्रिक ॲसिडचे चार थेंब, दोन तास ढवळून ब्रशने एक हात. सुकवून 400 अंशांवर अर्धा तास.

टायटानियासाठी 5 ग्रॅम पी-25, 100 मिली पाणी, नायट्रिकने पीएच 3, अल्ट्रासॉनिक बाथमध्ये 30 मिनिटं. काच सपाट ठेवून ओतायचं, तिरकी करून निथळायचं, 100 अंशांवर सुकवायचं, असं तीनदा. एका हातात जाड थर दिला तर हमखास तडे. मिनिटाला 2 अंश या गतीने 450, तिथे एक तास. साडेतीन तास नुसतं चढायलाच लागतात. थर साधारण 0.9 मिलिग्रॅम/चौ.सेंमी, म्हणजे काचेमागे 0.35 ग्रॅम पावडर.

भट्टीत एका वेळी चार काचा उभ्या राहतात, आणि दार रात्रभर बंदच ठेवावं लागतं. 19 तारखेला घाई करून 220 अंशांना दार उघडलं. दोन काचा टण्‌ आवाज करून गेल्या. 18 काचा, प्रत्येकीला दोन भट्ट्या, असे दहा दिवस गेले.

27 फेब्रुवारी

16 काचा ॲल्युमिनियमच्या खिडकी-चॅनलमध्ये बसवल्या, चार बाय चार. 56 सेंमी रुंद, 112 सेंमी लांब, क्षेत्रफळ 0.627 चौ.मी. दक्षिणेकडे तोंड, उतार 18 अंश. खाली 10 लिटरची बादली, त्यात कूलरचा पंप, वर 20 मिमीच्या सीपीव्हीसी पाइपला सेंटिमीटराला एक अशी दीड मिमीची भोकं. पंपाचा जोर जास्त, म्हणून टी लावून जादा पाणी परत बादलीत सोडलं आणि काचांवर मिनिटाला 3 लिटर ठेवलं.

पाणी पसरेना. काचेवरून ओघळ होऊन धावतं, निम्मी काच कोरडी. उतार कमी केला, भोकं मोठी केली, काही फरक नाही. मग काचा तशाच कोरड्या तीन तास उन्हात राहिल्या आणि नंतर पंप लावला तर पाणी तेल पसरावं तसं सपाट पसरलं. यूव्ही लागलेला टायटानिया पाण्याला ओढतो, कपाटात ठेवलेला विसरतो. आता रोज सकाळी साडेसातपासून काचा कोरड्या उघड्या ठेवतो.

दोन काचांच्या सांध्यात सिलिकॉन सीलंट भरलं आहे. व्हिनेगरचा वास येणारं हे सीलंट पहिले दोन दिवस पाण्यात ॲसेटिक ॲसिड सोडतं, साध्या पाण्याचाही सीओडी 40 वर गेला. दोन दिवस नुसतं पाणी फिरवून फेकलं. पहिल्या पाण्याची टर्बिडिटी (गढूळपणा) 6 एनटीयू, तिसऱ्याची 1 च्या खाली.

2 मार्च

10 लिटर, 20 मिलिग्रॅम/लिटर, पीएच 5.5, सकाळी 10:15 ते दुपारी 2:15. चार तासांत फक्त 71 टक्के, अपेक्षेपेक्षा कमी. बादलीत पाहिलं तर पाणी 8.1 लिटर. पातळ थर, ऊन आणि वारा, पाणी उडून जातं आणि उरलेली डाय दाट होते. 10 लिटरच्या खुणेपर्यंत डिस्टिल्ड पाणी भरून मोजलं, 76 टक्के.

खूण बादलीच्या आतून करा, आणि नमुना घेण्याआधी दर वेळी पाणी खुणेपर्यंत भरा. बोअरचं पाणी भरू नका. त्यातले बायकार्बोनेट पुढे काय करतात ते 12 मार्चच्या नोंदीत आहे.

वेळेबद्दल आणखी एक. सोलापुरात या दिवसांत सूर्य माथ्यावर येतो तो 12:40 च्या सुमारास, बाराला नाही. चाचणीचे तास त्याच्या दोन्ही बाजूंना सारखे वाटले तर दिवसादिवसांची तुलना नीट होते. आता 10:10 ते 3:10. मीटरवर भर दुपारी 3.4 मिलिवॉट/चौ.सेंमी, साडेतीननंतर झपाट्याने पडतो.

5 मार्च

पाच तास, पाणी खुणेवर ठेवून, 93 टक्के. कोऱ्या काचांवर (फक्त सिलिका) 4 टक्के. झाकून ठेवलेल्या लेपाच्या काचांवर 8. हे तीन आकडे एकत्र आल्यावरच 93 ला अर्थ आहे.

10 मार्च

खरं पाणी आणलं, एका लहान डाइंग युनिटच्या एकत्रित टाकीतून. पीएच 10.6, टीडीएस (विरघळलेले क्षार) 7,400, क्लोराइड 3,100, अल्कलिनिटी (आम्ल पचवायची ताकद) 1,150, सीओडी 640 (पीएच सोडून सगळं मिलिग्रॅम/लिटर). गाळून, पातळ न करता, तसंच चालवलं.

पाच तासांत 11 टक्के.

12 ते 18 मार्च

(मधे 14 ला धुळवड, युनिट बंद.)

काय नडतंय हे एकेक घटक घालून नळीखाली तपासलं. 20 मिलिग्रॅम/लिटर डाय, 1 ग्रॅम/लिटर पी-25, दोन तास:

नुसती डाय, पीएच 5.5: 88 टक्के
अधिक 5 ग्रॅम/लिटर मीठ, पीएच तोच: 69
अधिक 1.2 ग्रॅम/लिटर सोडा ॲश, पीएच 10.9: 23
मीठ आणि सोडा दोन्ही: 17
दोन्ही घालून सल्फ्युरिकने पीएच 5, मग अर्धा तास हवा सोडून: 66
तसंच, पण पीएच 3: 58

खरा वैरी सोडा आहे. तो दोन बाजूंनी मारतो. पीएच वर नेऊन डायला टायटानियापासून दूर लोटतो, आणि उजेडात टायटानियावर तयार होणारे, डाय तोडणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल कार्बोनेट गिळतात. यात कार्बोनेट बायकार्बोनेटपेक्षा सुमारे 45 पट चलाख आहे, त्यामुळे पीएच 10.3 च्या वर परिस्थिती एकदम बिघडते. आम्ल घातलं की कार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो, पण तो पाण्यातून घालवावा लागतो. माशांच्या टाकीचा एअर पंप अर्धा तास पुरतो. हवा न सोडता मोजलं तेव्हा पीएच तासाभरात 5 वरून 5.8 वर सरकला होता.

आम्ल जास्त घालून फायदा नाही. पीएच 3 ला टायटानियावर धन भार वाढतो, मग क्लोराइड आणि सल्फेटही तिथे गर्दी करतात आणि डायची जागा अडवतात. 5 ते 5.5 बरं.

आम्लाचा हिशेब अल्कलिनिटीवरून निघतो. 1,150 साठी तीव्र सल्फ्युरिक लिटरला साधारण 0.6 मिली. पाण्यात आम्ल, हळूहळू, एवढंच लक्षात ठेवायचं.

मीठ मात्र काढता येत नाही. म्हणून एकत्रित टाकीचा नाद सोडला आणि युनिटमधून बाथ, पहिलं धुणं, सोपिंग (साबणाचं धुणं) आणि शेवटचं धुणं अशी चार वेगळी पाणी घेतली. मीठ आणि सोडा जवळजवळ सगळा पहिल्या दोघांत आहे.

21 मार्च

शेवटच्या धुण्याचं पाणी: पीएच 8.4, टीडीएस 1,450, क्लोराइड 420, अल्कलिनिटी 310, सीओडी 180. 10 लिटरला 1.7 मिली सल्फ्युरिक, अर्धा तास हवा, मग काचांवर पाच तास.

रंग 84 टक्के उतरला, डोळ्यांना पाणी स्वच्छ दिसतं. सीओडी 180 वरून 131. स्पेक्ट्रममध्ये 310 च्या आसपासचा उंचवटा फक्त 40 टक्के खाली आला, म्हणजे रंग देणारे अझो बंध तुटले पण त्यामागची ॲरोमॅटिक कडी बरीचशी शाबूत आहेत. अझो डायचे अर्धवट तुकडे मूळ डायपेक्षा निरुपद्रवी असतीलच असं नाही. बाटल्यांचे आधी-नंतरचे फोटो काढून काम संपवणाऱ्यांनी हा 310 चा आकडा जरूर घ्यावा.

नियमात कापड उद्योगाला सीओडी 250 आणि रंग 150 प्लॅटिनम-कोबाल्ट एकक आहे. शेवटचं धुणं सीओडीत मुळातच बसत होतं, प्रश्न रंगाचाच होता. तो सुटला. हे पाणी बाहेर सोडण्याऐवजी पुढच्या बाथच्या पहिल्या धुण्याला परत वापरणं जास्त शहाणपणाचं.

सीओडी करताना क्लोराइडच्या दहापट मर्क्युरिक सल्फेट (पाऱ्याचा क्षार) घालावं लागतं, आणि क्लोराइड 2,000 च्या वर असेल तर नमुना पातळ करूनच. ती पाऱ्याची बाटली मोरीत ओतायची नाही. पाणी शुद्ध करायला निघून पाऱ्याचा कचरा करतोय याची गंमत वाटते, पण तो वेगळ्या कॅनमध्ये साठवला आहे.

26 मार्च

हायड्रोजन पेरॉक्साइड (30 टक्के) लिटरला 1 मिली. जो रंग उतरायला पाच तास लागत होते तो तीन तासांत, 84 टक्के. 2 मिलीने फरक नाही, 5 मिलीने उलट मंदावलं, कारण जास्तीचं पेरॉक्साइड स्वतःच रॅडिकल खातं. कोऱ्या काचांवर पेरॉक्साइड आणि ऊन मिळून 15 टक्के.

पाच तासांनंतरचा सीओडी आला 213. सुरुवातीला 180 होता! डायजेस्टर बिघडला असं समजून दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, 211. गोम अशी की उरलेलं पेरॉक्साइड सीओडी चाचणीतलं डायक्रोमेट खातं, दर मिलिग्रॅममागे 0.47 मिलिग्रॅम सीओडी दाखवतं. चाचणी-पट्टीवर पेरॉक्साइड लिटरला 200 मिलिग्रॅम आलं, म्हणजे 94 खोटे, खरा सीओडी 119 च्या आसपास. चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड घालून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवलं, गाळलं, पुन्हा केलं: 124. जमलं.

2 एप्रिल

काचा थकल्या. पहिल्या फेरीला 84, चौथीला 77, आठवीला 59. थर सुटलेला नाही, चिकटपट्टी कोरी निघते. पण तिरक्या प्रकाशात पांढुरकी झाक दिसते.

चूक संध्याकाळची होती. पंप बंद केला की काचेवर राहिलेलं पाणी तिथेच सुकतं, आणि त्यातले क्षार दुसऱ्या दिवशीच्या कोरड्या उन्हात भाजून पक्के बसतात. सकाळची कोरडी उन्हं पाणी पसरायला हवीतच, त्यामुळे उपाय आदल्या दिवशीच करायचा: पंप बंद करण्याआधी 2 लिटर डिस्टिल्ड पाण्याने काचा धुणं.

बसलेला थर काढायला सायट्रिक ॲसिड 2 टक्के, 20 मिनिटं फिरवलं, धुतलं, मग साधं डिस्टिल्ड पाणी तीन तास उन्हात, म्हणजे चिकटलेला सेंद्रिय मळ टायटानिया स्वतःच जाळतो. परत 81. घासणी लावू नये, एका काचेचा कोपरा त्यात गेला.

8 एप्रिल

जागेचा हिशेब टाळत होतो, आज केला. 0.627 चौ.मी.वर दिवसाला 10 लिटर, म्हणजे चौरस मीटरला 16 लिटर. दिवसाला 40,000 लिटर सोडणाऱ्या युनिटला 2,500 चौ.मी., अर्ध्या एकराहून जास्त काच. ते होणार नाही. त्यातलं शेवटचं धुणं 8,000 लिटर धरलं तर 500 चौ.मी., आणि पेरॉक्साइड घालून सुमारे 300. इतकं छप्पर शेडला असतं, पण रोज 30 टक्क्यांचं 8 लिटर पेरॉक्साइड लागेल, आणि 300 चौ.मी. काच कूलरच्या पंपाने आणि 14 × 28 च्या तुकड्यांनी होत नाही. पावसाळ्याचे चार महिने यात धरलेलेच नाहीत.

एकूण खर्च 20,720 रुपये. त्यात पी-25 चे 4,200, सीओडीच्या रसायनांचे 3,400, 22 काचांचे 2,640, फ्रेमचे 1,800, टीईओएसचे 1,350. सरळ वाया गेले ते एलईडी आणि नायलॉन फिल्टर मिळून 2,450. वेळेत मोजलं तर दिव्याचे पाच दिवस, भट्टीचे दहा, आणि सोड्याचा सात दिवसांचा शोध, जो आधी पाण्याची अल्कलिनिटी पाहिली असती तर एका दिवसात झाला असता.

12 एप्रिल

शेवटची फेरी, सोपिंगचं पाणी. रंग कमी पण फेस भरपूर. काचांवरून फेस बादलीबाहेर गेला, पाऊण तासात 3 लिटर पाणी गच्चीवर. बंद केलं. साबण आधी बसवल्याशिवाय हे पाणी काचांवर घेऊ नये.

काचा सायट्रिकने धुऊन, सुकवून, मधे वर्तमानपत्र न घालता (शाई लागते) बटर पेपर घालून ठेवल्या आहेत. चार कोऱ्या सँडब्लास्ट काचा आणि 80 ग्रॅमच्या आसपास पी-25 शिल्लक. पाऱ्याचा कॅन दोन लिटर भरलाय, झाकणावर तारीख आणि आतल्या रसायनांची नावं लिहिली आहेत.